आजीचं गाणं पिक्सेल होण्याआधी

गेल्या वर्षीच्या श्रावणात मी एक मूर्खपणा केला. तो आधी सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

नागपंचमीनंतरचा रविवार होता. खानदेशातल्या पोरापोरींना पुढचं सांगायची गरजच नाही. घरात कानबाई बसलेली, रोटांचा वास सुटलेला, ओसरीवर बायका जमलेल्या आणि मधोमध माझी आजी. आमचं गाव धुळे जिल्ह्यात. आमच्या गल्लीत कानबाईची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ असलेली तीच एकटी उरली आहे. बाकीच्या बायका मागून साथ देतात, पण गाणं उचलते आजीच. मी फोन कोनाड्यात टेकवला आणि सलग २२ मिनिटं रेकॉर्ड केलं.

पावणेतीन जीबीची फाइल झाली. फोन आधीच ‘स्टोरेज फुल’ म्हणून बोंबलत होता. मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं. व्हिडिओचे तुकडे पाडले, घरच्या मेसेजिंग ग्रुपवर टाकले, काकू-मावश्यांचे जोडलेले हात आले आणि ‘ग्रुपवर आहे की’ असं म्हणत मूळ फाइल उडवली.

दिवाळीत गावी गेले तेव्हा तेच तुकडे पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावले. मोबाइलवर बरं दिसणारं चित्र टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर आलं आणि आजीच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी ठोकळे दिसायला लागले. हात हलला की मागे धुरकट शेपूट. टाळ्यांचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आजी बराच वेळ बघत बसली. मग मला म्हणाली, “हाई मन्ह तोंड शे का, माय?”

मी मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेली मुलगी. तीन वर्षं कॅमेरा, लाइट, अँगल, स्क्रिप्ट सगळं शिकले. पण फाइल डिलीट करण्याआधी तिची काय अवस्था झालीय ते बघावं, एवढं मला सुचलं नाही. म्हणून हा लेख. माझं म्हणणं साधं आहे. शूट करणं आपल्याला येतं, कापाकापीही बऱ्यापैकी येते. पण व्हिडिओ एन्कोड करणं, म्हणजे तो कुठल्या रूपात ठेवायचा आणि कुठल्या रूपात पाठवायचा हे ठरवणं, आपण शिकलेलोच नाही. ते शिकायची सगळी साधनं फुकट आणि कायदेशीर मिळत असताना आपण हॉस्टेलभर क्रॅक शोधत फिरतो. हे बदलायला हवं, आणि खानदेशात तर जरा घाईनंच.

धृपदाचं गणित

आधी बघू, आजीच्या चेहऱ्याचे ठोकळे झाले कसे.

फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले तर एका फ्रेमला सहा एमबीहून जास्त जागा लागते. सेकंदाला ३० फ्रेम. म्हणजे एक मिनिटाचा व्हिडिओ, काहीही न दाबता ठेवला तर, सुमारे ११ जीबी! आपला फोन तेच मिनिट शे-सव्वाशे एमबीत बसवतो. उरलेलं कुठे जातं?

तुमच्या आईकडे किंवा आजीकडे गाण्यांची वही असेल तर ती उघडून बघा. धृपद एकदाच पूर्ण लिहिलेलं असतं. पुढं प्रत्येक कडव्याखाली नुसतं ॥धृ॥. म्हणणाऱ्याला कळतं की इथं ते परत म्हणायचं. व्हिडिओचं एन्कोडिंग साधारण असंच चालतं. एक फ्रेम पूर्ण लिहिली जाते, तिला कीफ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये फक्त ‘काय बदललं’ तेवढंच लिहितात. आजीच्या मागची भिंत हलत नाही, तर ती पुन्हा कशाला लिहायची? हात जरा उजवीकडे सरकला, तर ‘तो तुकडा उजवीकडे सरकवा’ इतकंच. शिवाय डोळ्याला फारसे जाणवत नाहीत असे बारकावे गाळून टाकले जातात.

हे सगळं ज्या नियमांनी होतं त्याला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं, २००३ मधलं. त्याच्या पुढचं एचईव्हीसी २०१३ मधलं. आणि २०१८ मध्ये आलेलं एव्ही१, जे वापरायला पेटंटचे पैसे लागू नयेत म्हणूनच बनवलं गेलं.

अडचण येते ती गाळलेला भाग परत येत नाही म्हणून. एकदा गाळलं की गेलं. फोननं एकदा गाळलं, मी तुकडे पाडताना ॲपनं पुन्हा गाळलं, पाठवताना तिसऱ्यांदा. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की नोट्सचं काय होतं ते परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या आजीची मी तिसरी झेरॉक्स काढली आणि मूळ प्रत फाडून टाकली.

‘दादा, क्रॅक आहे का?’

आता तुम्ही म्हणाल, चांगलं एडिटिंग सॉफ्टवेअर असतं तर हे झालं नसतं. बरोबर. मग सॉफ्टवेअर कुठून आणायचं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. हॉस्टेलमध्ये एक ‘दादा’ असतो, त्याच्याकडे एक पेनड्राइव्ह असतो. आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग क्रॅक टाकायचा, इंटरनेट बंद ठेवायचं आणि देवाचं नाव घेऊन सॉफ्टवेअर उघडायचं.

माझ्या एका मैत्रिणीनं हे सगळं व्यवस्थित केलं. फायनल प्रोजेक्टच्या नऊ दिवस आधी तिच्या लॅपटॉपवरच्या सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि एक इंग्रजी चिठ्ठी उमटली: पैसे भरा, मग फाइली उघडतील. केळीच्या बागांवर केलेली तिची डॉक्युमेंटरी, दीड महिन्याचं शूटिंग, गेलं. तक्रार कुणाकडे करणार? ‘सर, मी चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं होतं’ असं सांगत?

कायद्याचंही सांगून टाकते, कारण हे आपल्याला वर्गात कुणी सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-ब नावाचं कलम आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरलेलं नसेल तर न्यायालय कैद माफ करून फक्त दंड करू शकतं. पण लग्नाची ऑर्डर घेऊन क्रॅकवर एडिटिंग करणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांना ही सवलत मिळणार नाही, हे लक्षात ठेवा.

पण मला भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. क्रॅकवाला मुलगा सॉफ्टवेअर शिकत नाही, तो बटणं पाठ करतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत पन्नास पर्याय दिसतात आणि तो ‘दादानं सांगितलेला’ पर्याय दाबतो. का, ते त्याला माहीत नसतं. मलाही नव्हतं.

कॉलेजच्या पोरांनी बनवलेली गोष्ट

तुमच्या लॅपटॉपवर नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला व्हीएलसी प्लेअर आहे ना? तो कुणी बनवला माहीत आहे? पॅरिसमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी. १९९६ मध्ये त्यांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवण्याचा प्रोजेक्ट म्हणून हे काम सुरू केलं. २००१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला, म्हणजे कुणीही वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. आज तो जगभर आहे. आपल्याकडे कॉलेजचा प्रोजेक्ट बाइंडिंग होऊन कपाटात जातो.

त्याच कुळातलं दुसरं नाव एफएफएमपेग. हे फारसं कुणाच्या ओळखीचं नसतं, कारण त्याला चेहराच नाही. खिडकी नाही, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० मध्ये ते सुरू केलं आणि नंतर जगभरातल्या लोकांनी वाढवलं. व्हीएलसीच्या पोटात त्याचाच भाग आहे. २०२१ मध्ये नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळावर उतरला, तेव्हा उतरतानाचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेतही एफएफएमपेग वापरलेलं होतं. मंगळावर चालतं ते पारोळ्यात चालणार नाही?

काळ्या पडद्याला घाबरायचं कारण नाही. आज्ञेत चार गोष्टी असतात: प्रोग्रामचं नाव, कुठली फाइल घ्यायची, तिचं काय करायचं आणि नव्या फाइलचं नाव काय ठेवायचं. बस्स. आईनं बाजारात पाठवताना जशी यादी द्यावी तसं. यातलं ‘काय करायचं’ हे तेवढं शिकावं लागतं, आणि त्यातल्या तीन गोष्टी कळल्या तरी आपलं नव्वद टक्के काम भागतं.

पहिली गोष्ट, डबा आणि भाजी यांतला फरक. एमपी४ हा कोडेक नाही, तो डबा आहे. एमकेव्ही हा दुसरा डबा. आत भरीत आहे की शेवभाजी, हे डब्याच्या झाकणावरून कळत नाही. म्हणून तर ‘एमपी४ आहे, तरी टीव्हीवर चालत नाही’ असं होतं. फोननं आत एचईव्हीसी भरलेलं असतं आणि जुन्या टीव्हीला फक्त एच.२६४ पचतं. व्हीएलसीमध्ये फाइल उघडून टूल्समध्ये ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ बघा, आत काय आहे ते लिहिलेलं असतं. ही सवय आजपासून लावा, पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, नुसतं कापायचं असेल तर पुन्हा दाबायची गरज नसते. एफएफएमपेगला ‘कॉपी’ असं सांगितलं की ते चित्राला हात न लावता हवा तेवढा तुकडा वेगळा काढून देतं. कापण्याची जागा कीफ्रेमपाशी सरकते, म्हणजे एखाद-दुसरा सेकंद मागेपुढे होतो, पण दर्जा जसाच्या तसा राहतो आणि काम काही सेकंदांत होतं. मला हे गेल्या वर्षी माहीत असतं तर...! असो.

तिसरी गोष्ट, दाबायचंच असेल तर किती दाबायचं हे आपण ठरवायचं. एच.२६४ साठी एफएफएमपेग जो एक्स२६४ नावाचा एन्कोडर वापरतं, त्यात सीआरएफ नावाचा एक आकडा असतो, ० पासून ५१ पर्यंत. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आपण काहीच सांगितलं नाही तर तो २३ धरतो. १८ च्या आसपास ठेवला तर मूळ आणि नवीन यांतला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही. सोबत वेग निवडता येतो. हळू चालवलं तर त्याच दर्जात फाइल लहान होते. चुलीवरच्या वरणासारखं आहे, घाई केली की चव जाते.

काळा पडदा अगदीच नको असेल तर हँडब्रेक आहे. त्याला खिडकी आहे, बटणं आहेत, आणि सीआरएफसाठी सरकवायची पट्टी आहे. एडिटिंगसाठी केडेनलाइव्ह आणि शॉटकट आहेत. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, फर्स्ट इयरला घेतलेला. त्यावर क्रॅकवालं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी’ची सोय आहे. ते मोठ्या फाइलची हलकी नक्कल करून देतं, एडिटिंग नकलेवर करायचं, आणि शेवटी फाइल तयार होताना मूळ चित्र वापरलं जातं. त्यामुळे जुन्या मशीनवरही काम निभतं. हे सगळं मोफत, आणि लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पैसे कमावलेत तरी मोफत.

मालेगावनं व्हीसीआरवर केलं

‘आपल्यासारख्या गावात हे कोण करणार?’ असं म्हणणाऱ्यांना मी मालेगाव दाखवते. कागदोपत्री नाशिक जिल्हा, पण धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर. तिथं नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ बनवला. व्हिडिओ पार्लर चालवणारा माणूस, ना फिल्म स्कूल ना स्टुडिओ. एडिटिंग व्हीसीआर जोडून. यंत्रमागावर काम करणारी माणसं नट झाली आणि गावानं तिकीट काढून सिनेमा पाहिला. पुढं फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी केली, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात आला.

त्यांच्याकडे जी यंत्रं होती ती त्यांनी पिळून वापरली. आपल्या खिशातल्या फोनचा कॅमेरा त्यांच्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे आणि एन्कोडर तर मंगळावर गेलेला आहे. आपण मात्र क्रॅक चालेना म्हणून प्रोजेक्ट पुढं ढकलतो.

आणि आज अहिराणीचं काय चाललंय बघा. लग्नाच्या हळदीत वाजणारी अहिराणी गाणी, कॉमेडीचे व्हिडिओ, रील्स, यांनी आपले फोन भरलेत. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली १८ लाखांहून जास्त लोक आहेत. एवढ्या लोकांची बोली, पण तिचं जुनं बोलणं, जुन्या म्हणी, जात्यावरची आणि कानबाईची गाणी कुठे साठवलेली आहेत? कुणाच्या तरी फोनमध्ये, कुणाच्या तरी ग्रुपवर, तिसऱ्या-चौथ्या झेरॉक्समध्ये.

बहिणाबाईंचं उदाहरण तर आपल्या अंगणातलंच आहे. आसोद्याला जन्मलेली, जळगावात नांदलेली ही बाई लिहायला शिकलेली नव्हती. मुलगा सोपानदेव यांनी गाणी कागदावर उतरून ठेवली, म्हणून १९५१ मध्ये ती गेल्यानंतर, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती पुस्तकात आली. आज आपल्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. विचार करा, घरात वहीत लिहून ठेवणारा कुणी नसता तर? आपल्यापर्यंत तिचे शब्द आले, आवाज आला नाही. तेव्हा साधनंच नव्हती. आपल्याकडे आहेत.

त्यात आणखी एक घाई आहे. नव्वदच्या दशकातल्या लग्नांच्या, जत्रांच्या, कीर्तनांच्या व्हीएचएस कॅसेट अजून कित्येक घरांत गोदरेजच्या कपाटाच्या खालच्या खणात पडून आहेत. त्यातली पट्टी वर्षागणिक खराब होतेय, आणि भुसावळ-जळगावचा उन्हाळा तिला मदत करणार नाही. व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी, तिनंही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे तोवरच कॅसेट उतरवता येणार. गल्लीत जुने शूटिंगवाले काका असतील तर त्यांच्याकडे विचारा. माझ्या मामांच्या लग्नाची कॅसेट अशीच एका काकांच्या व्हीसीआरवरून उतरवली. हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. जुन्या व्हिडिओत एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी नोंदवलेली असते, म्हणून ते दाते दिसतात. हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’चा फिल्टर लावला आणि वरात सरळ चालायला लागली. मामी तर टीव्हीसमोरून उठेचनात.

पण नोकरीचं काय?

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मुंबई-पुण्याच्या चॅनलमध्ये, स्टुडिओत नोकरीला गेलात तर तिथं पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर असतं आणि जाहिरातीत त्याचंच नाव लिहिलेलं असतं. माझ्या ऑफिसातही तेच आहे. केडेनलाइव्ह येतं म्हणून कुणी मला हार घातला नाही.

काही बाबतींत पैशांचं सॉफ्टवेअर सरसही आहे. रंगांचं काम, तयार इफेक्ट्स, चार जणांनी मिळून एका प्रोजेक्टवर काम करणं तिथं सोपं जातं. मुक्त सॉफ्टवेअर कधी अडतं, कधी मध्येच बंद पडतं, आणि मदत शोधायला इंग्रजी वाचावं लागतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात एका बातमीचा व्हिडिओ वेबसाइटवर चढेना. फाइल मोठी, वेळ नाही, एडिटर जेवायला गेलेले. मी फाइलच्या आत काय आहे ते बघितलं, सीआरएफ लावून पुन्हा एन्कोड केली, सहा मिनिटांत दिली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही की हे कुठल्या सॉफ्टवेअरवर केलंस. कोडेक काय, बिटरेट काय, कीफ्रेम काय, हे ज्याला कळलं त्याला कुठल्याही सॉफ्टवेअरची एक्स्पोर्टची खिडकी वाचता येते. नोकरी लागली की पैशांचं सॉफ्टवेअर कंपनी देईल. ते वापरायची समज आपण सोबत न्यायची.

मग करायचं काय?

एक. तुमच्या विभागाच्या लॅबमध्ये हँडब्रेक, केडेनलाइव्ह आणि एफएफएमपेग टाकून द्या, अशी मागणी करा. बजेट लागत नाही, टेंडर लागत नाही, त्यामुळे ‘मंजुरी आली नाही’ हे कारणही चालणार नाही. विभागप्रमुख नाही म्हणाले तर चार जण मिळून पुन्हा जा. प्राध्यापकांनाही माझी विनंती आहे, की एडिटिंगच्या पेपरात एन्कोडिंगचे दोन तास ठेवा. लॅबमध्ये क्रॅक चालू ठेवून माध्यम-नीतिशास्त्र शिकवू नका.

दोन. इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प बघा. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे-छोटे धडे तिथं मराठीतही आहेत.

तीन. घरातली एक गोष्ट निवडा. आजीचं गाणं, आजोबांचा पोळ्याचा किस्सा, नाहीतर एखादी कॅसेट. रेकॉर्ड करण्याआधी त्यांना विचारा, आणि कुठे टाकणार तेही सांगा. आजीचा चेहरा ही आपल्या रीलची मालमत्ता नाही.

चार. मूळ फाइल कधीही उडवू नका. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी किंवा ऑनलाइन. ग्रुपवर पाठवायला हलकी प्रत वेगळी बनवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर चांगल्या दर्जाची टाका, कारण यूट्यूब ती स्वतः पुन्हा एन्कोड करतंच. विकिमीडिया कॉमन्सवर टाकायची असेल तर तिथं आपला नेहमीचा एमपी४ व्हिडिओ चालत नाही, वेबएम करावा लागतो. एफएफएमपेग तेही करून देतं.

यंदाच्या श्रावणात मी पुन्हा आजीसमोर बसले. या वेळी आधी फोन रिकामा केला होता. पण आजीला आता दम लागतो. दोन कडवी म्हणून थांबते, पाणी पिते. नऊच मिनिटं झाली. रात्री मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवली, ग्रुपसाठी सीआरएफ २० ची प्रत बनवायला लावली आणि लॅपटॉपचा पंखा घरघरत असताना ओसरीवर झोपले. सकाळी टीव्हीवर लावलं तर आजीच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं.

गेल्या वर्षीचं एक गाणं मात्र यंदा तिला आठवलंच नाही. मी ते जुने ठोकळ्या-ठोकळ्यांचे तुकडे काढले, हेडफोन लावून शब्द ऐकायचा प्रयत्न केला आणि तिला पहिल्या ओळी सांगितल्या. तिनं पुढचं जुळवलं. शेवटचं एक कडवं राहिलं. तिथं जुन्या व्हिडिओत टाळ्यांचा आवाज इतका फाटलाय की शब्दच कळत नाहीत.

तुमच्या घरी कुणाला कानबाईची जुनी गाणी येत असतील तर या रविवारी गावी जा. फोन रिकामा करून न्या.